फरक स्पष्ट करा

काळ कोणासाठीही थांबत नाही, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. त्यांतल्या एकाचीही अमरावतीच्या मनोहर तायडे सरांशी गाठ पडलेली नसावी. सरांनी एका होळीला कूलर घ्यायचं ठरवलं. एक पत्र्याचा आणि एक फायबरचा असे दोन निवडले आणि तुलना सुरू केली. टाकी, पाती, आवाज, वाळ्याच्या ताट्या. ते एकेका कूलरसमोर डोळे मिटून बसत आणि दुकानदार डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे पाहत बसे. शेवटी कूलर घरी आला त्या दिवशी आमच्या गल्लीतले बाकीचे कूलर प्लास्टिक गुंडाळून गच्चीवर चढत होते.

"घाईत घेतलेली वस्तू घाईतच बिघडते, बावा," सर मला म्हणाले. तो कूलर अजून चालतो. वापर कमी आहे.

सर आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. मी शेजारच्या वर्गात इतिहास शिकवत असे आणि राहायला त्यांच्या समोर होतो, त्यामुळे मला त्यांचा आवाज सकाळ-संध्याकाळ पुरे. त्यांनी काढलेल्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत पहिला प्रश्न ठरलेला असे: फरक स्पष्ट करा. वस्तुमान आणि वजन, वेग आणि त्वरण, उष्णता आणि तापमान. पोरं त्यांना मागे 'फरक सर' म्हणत. सरांना ते माहीत होतं आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नसे. त्यांचं एक लाडकं वाक्य होतं: "दोन असल्याशिवाय एक कळत नाही."

हे वाक्य ते जगत. आमच्या भागात गिल्या वड्याच्या दोन गाड्या समोरासमोर उभ्या राहतात. सर एका गाडीवरून दही-चटणीतला वडा घेत आणि ती प्लेट हातात धरून रस्ता ओलांडून दुसऱ्या गाडीवर जात. तिथे दुसरी प्लेट घेऊन एक घास हिचा, एक घास तिचा असं उभ्यानं खात. दोन्ही गाडीवाले त्यांच्याकडे, आपल्याच घरात परक्या पोराचं कौतुक चालावं तसं पाहत. निकाल मात्र त्यांनी कधी जाहीर केला नाही. "चटणी याची, वडा त्याचा," एवढंच म्हणत आणि दोघांनाही दुखावत.

त्यांच्या मुलीनं, हैदराबादला नोकरी करताना, परस्पर स्वतःचं लग्न ठरवलं. मुलगा चांगला होता, सरांची काही तक्रार नव्हती. पण बरेच दिवस ते विचारात होते. "तिनं एकच पाहिला," ते मला म्हणाले. "मंग तिले कळलं कसं?"

एवढा तोलून-मापून वागणारा माणूस, पण त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. नव्हतं म्हणजे कधीच नव्हतं. आमच्याकडच्या उन्हात घड्याळ वापरणाऱ्याच्या मनगटावर एक फिकट पट्टा राहतो. सरांचा डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत एकसारखा रापलेला होता. प्रयोगशाळेत ते सेकंदाचे भाग मोजत, त्यासाठी कॉलेजचं स्टॉपवॉच होतं. एरवी वेळ विचारली की म्हणत, "घंटा होईल ना आता."

म्हणून निवृत्त झाल्यावर एका सकाळी ते फाटकाशी आले आणि "मी घड्याळ घेऊन रायलो" असं म्हणाले, तेव्हा मला वाटलं शंभर-दोनशे रुपयांचा भिंतीवरचा काटेवाला डबा असेल. तसं नव्हतं. शहरात महागड्या परदेशी घड्याळांची शोरूम निघाली होती. सर तिथे जाऊन आले होते आणि त्यांनी, अर्थात, दोन निवडली होती. किंमत मी इथे लिहीत नाही. सरांनी ती घरीही सांगितली नव्हती.

हे सगळं कशासाठी, ते रत्नाताईंनी सांगितलं. रत्नाताई म्हणजे सरांच्या पत्नी. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही सगळ्या जगाशी चौथीच्या वर्गाशी बोलावं तसं बोलतात.

"ते घड्याळ नाही, भाऊ. ते उत्तमराव आहे," त्या म्हणाल्या.

उत्तमराव खंडारे हे सरांचे साडू. रत्नाताईंच्या धाकट्या बहिणीचे, शोभाताईंचे, यजमान. मूळचे हिवरखेडचे, शेतीखात्यात नोकरी, घर अकोल्याला. झालं होतं असं. तीसेक वर्षांपूर्वी अकोल्यात सरांचं लग्न लागलं. सर नुकते प्राध्यापक झाले होते आणि हुंडा, आहेर, मानपान या सगळ्यांच्या विरोधात होते. सासरे रेल्वेत होते. त्यांनी हौसेनं जावयासाठी एक घड्याळ आणलं होतं. पांढरी तबकडी, तपकिरी चामड्याचा पट्टा, रोज चावी द्यायचं. वंदना झाली, हार झाले, आणि त्यांनी भर मांडवात डबी पुढे केली. सर उठले आणि बोलले. घड्याळ हा हुंड्याचाच धाकटा भाऊ आहे, असं त्या भाषणाचं सूत्र होतं.

"टाळ्या पडल्या," रत्नाताई म्हणाल्या. "आन माह्या बाबाची डबी हातातच रायली."

पुढे शोभाताईंचं लग्न झालं. तीच डबी पुन्हा निघाली. सासऱ्यांनी या वेळी ती जरा भीतभीतच पुढे केली. उत्तमरावांनी डावा हात लांब केला आणि म्हणाले, "मामा, मले चालते." मांडव हसला. सासरे इतके खूश झाले की त्यांनी स्वतः पट्टा बांधला.

तेव्हापासून नात्यातल्या प्रत्येक लग्नात, बारशात, मयतीत उत्तमराव सरांच्या शेजारी येऊन उभे राहत, बाही मागे सारत, मनगट डोळ्यांसमोर धरत आणि कोणी न विचारता सांगत, "सव्वाअकरा झाले, तायडे भाऊ." बस, एवढंच. सर मान डोलावत. घरी आल्यावर दोन दिवस बोलत नसत.

आता उत्तमरावांच्या मुलाचं लग्न अकोल्यात ठरलं होतं, आणि सरांना त्या मांडवात मनगट घेऊन जायचं होतं.

शोरूममध्ये सर मला तुलनेचा साक्षीदार म्हणून घेऊन गेले. तिथे थंडगार हवा, मंद दिवे, आणि पांढरे हातमोजे घातलेली एक मुलगी. ती आमच्याशी हिंदी-इंग्रजीत इतकं नाजूक बोलत होती की आपण आजारी आहोत असं वाटावं. सरांनी तिला थांबवलं.

"कुठची तू, बाई?"

"तिवसा," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा सगळा परदेश उतरला. "बसा ना काका. दाखवते."

मखमलीच्या ताटात दोन घड्याळं आली. दोन्ही खेळाडूंसाठी होती. पहिलं निळ्या तबकडीचं, समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेलं. ते तीनशे मीटर खोल पाण्यात चालत होतं. दुसरं काळं, मोटारींच्या शर्यतींसाठी. त्याच्या मोठ्या तबकडीत तीन लहान तबकड्या होत्या, बाजूला दोन बटणं होती, आणि कडेच्या आकड्यांवरून गाडीचा वेग काढता येत होता. सरांनी तिथल्या तिथे त्यांना नावं दिली: पाणबुड्या आणि शर्यतवाला.

"तीनशे मीटर," सर म्हणाले. "तिथं माणसाचं काय होते?"

"माणसाची गॅरंटी नाही काका. घड्याळाची आहे."

"आन तिथं कोन वेळ पायते?"

"ते कंपनीनं नाही सांगतलं."

दोघांत बॅटरी नव्हती. हाताच्या हालचालीनं आतलं एक वजन फिरतं आणि त्यावर घड्याळ चालतं. काढून ठेवलं तर दोन-तीन दिवसांत थांबतं. हे ती मुलगी सांगत होती, पण वाक्य सरांनी पुरं केलं. त्यांनी तिला स्प्रिंग, घर्षण आणि ऊर्जेचं रूपांतर समजावून सांगितलं. बाकीची गिऱ्हाइकं गोळा झाली. तास छान रंगला.

अमरावतीत आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. अकोल्याचं तर बोलूच नये. अशा मुलखात तीनशे मीटर पाणी आणायचं कुठून, ही शंका मी परतताना काढली. सर म्हणाले, "क्षमता आणि गरज. फरक स्पष्ट कर."

मग महिनोन्‌महिने तुलना चालली. सर आठवड्यातून एकदा शोरूममध्ये जात. तिवशाच्या मुलीनं त्यांच्यासाठी चहा सांगून ठेवायला सुरुवात केली. निळ्यात अंधारात काटे चमकत, काळ्याची काच जास्त फुगीर होती. निळं जड होतं, काळं जाड होतं. शर्यतवाल्याची परीक्षा घ्यायला सरांनी मला माझी गाडी बडनेऱ्याच्या रस्त्यावर पळवायला सांगितली. गाडीचा काटा सत्तरच्या पुढे गेला तसा त्यांनी दारावरचा दांडा धरला, ऐंशीला डोळे मिटले. "परत फिरव," ते म्हणाले. "त्याचे गुण कळले."

पाणबुड्याची परीक्षा जास्त दिवस चालली. सरांना पोहता येत नव्हतं. पातूरकडच्या त्यांच्या गावी विहिरी खोल होत्या आणि आई त्याहून कडक. पण हे घड्याळ घालायचं तर त्याच्या लायकीचं व्हायला हवं, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्यांनी शहरातल्या जलतरण तलावावर ज्येष्ठांच्या वर्गात नाव घातलं. मी एकदा पाहायला गेलो. छातीभर पाण्यात निळी टोपी घातलेले सर उभे होते. उजव्या हातानं कठडा धरलेला, आणि डावा हात शपथ घ्यावी तसा सरळ वर.

"तो हात काहून वर आहे, सर?" मी काठावरून विचारलं.

"घड्याळ भिजू नये म्हणून," सर म्हणाले. "सवय लावून रायलो."

घड्याळ अर्थातच अजून शोरूममध्ये होतं.

लग्न तोंडावर आलं तरी निकाल लागेना. रात्री-अपरात्री समोरच्या घरातून 'काच' आणि 'पट्टा' असे शब्द ऐकू येत. मग एका दुपारी रत्नाताई पदर खोचून बाहेर आल्या. "चला भाऊ, गाडी काढा," त्या म्हणाल्या. सर मागच्या सीटवर आधीच बसवलेले होते.

शोरूममध्ये पुन्हा ते ताट आलं. सरांनी सुरुवात केली, "आता, काचेच्या वक्रतेचा विचार केला तर..."

रत्नाताईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या मुलीला म्हणाल्या, "बाई, मले एक सांग. पांढरी तबकडी, तपकिरी पट्टा, साधं, चावीचं, जुनं. असं एक घड्याळ आहे. या दोघांतलं त्याच्यासारखं कोनतं दिसते?"

मुलीनं दोन्हींकडे पाहिलं. प्रामाणिक होती. "कोनतंच नाही, काकू."

"मंग कोनतंही दे," रत्नाताई म्हणाल्या.

सरांनी ताटाकडे पाहिलं आणि निळ्यावर बोट ठेवलं. मला वाटतं ते फक्त त्यांच्या हाताजवळ होतं.

वस्तू घरी आली आणि दुसऱ्या दिवशी बँकेत गेली. घरचं कपाट आणि बँकेचं लॉकर यांची तुलना सरांनी आधीच करून ठेवली होती. आता लॉकरमध्ये हात हलत नाही, आणि हात हलला नाही तर ते घड्याळ थांबतं, हे साऱ्या अमरावतीत सरांइतकं नीट कोणाला माहीत नव्हतं. ते थांबलं. लग्नाच्या आदल्या दिवशी सरांनी ते आणून मनगटावर चढवलं, तसं ते जिथे थांबलं होतं तिथून पुन्हा चालू लागलं. वेळ लावायची तर बाजूची चावी फिरवून उघडावी लागते. आणि ती चावी घट्ट बंद असेल तरच पाण्याची हमी, असं माहितीपुस्तिकेत ठळक छापलेलं होतं. सरांनी चावीला हात लावला नाही.

"वेळ चुकीची दाखवून रायलं ते," रत्नाताई म्हणाल्या.

"पण पाणी शिरणार नाही," सर म्हणाले.

आम्ही तिघं माझ्या गाडीनं अकोल्याला गेलो. वाटेत मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा सरांनी कप उजव्या हातात घेतला आणि डावा गाडीच्या टपावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला. बाही त्यांनी एकाच हाताची दुमडली होती. टप तापलेला होता, तरी त्यांनी हात काढला नाही.

पत्रिकेवर साडेअकराची वेळ छापली होती. दुपार झाली तरी नवरदेव यायचा होता, म्हणजे अजून कोणालाच उशीर झालेला नव्हता. उत्तमराव वराचे बाप. फेटा बांधून, घामाघूम, सगळ्यांना बसवत फिरत होते. सर दिसताच ते सवयीनं शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी बाही मागे सारली. आणि मग त्यांची नजर सरांच्या मनगटावर पडली. ते निळं झळकत होतं. हॉलच्या दिव्यांचे ठिपके त्यातून छतावर नाचत होते.

उत्तमरावांनी आपली बाही हळूच खाली ओढली.

"किती वाजले, तायडे भाऊ?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नासाठी सर तीसेक वर्षं थांबले होते. त्यांनी मनगट वर आणलं, दूर धरलं, जवळ धरलं. मी मागेच होतो. घड्याळात सात वाजून वीस मिनिटं झाली होती. प्रयोगशाळेत खोटं वाचन लिहिणाऱ्या पोराला वर्गाबाहेर काढणारा हा माणूस. त्यांच्या कपाळावरची शीर उडताना मला दिसली.

"पावणेएक," सर म्हणाले.

उत्तमरावांनी पुन्हा बाही सारून आपलं घड्याळ पाहिलं. नीट पाहिलं. "बरोबर," ते म्हणाले. "माह्यातई तेच."

मंचावरच्या भिंतीवरचं घड्याळ दीड दाखवत होतं.

लग्न लागलं. जेवताना उत्तमराव माझ्याशेजारी टेकले. आलू-वांग्याच्या भाजीला त्यांनी हातही लावला नाही.

"गुरुजी, तायडे भाऊनं घेतलंच का शेवटी?" ते म्हणाले. आवाज उतरला होता. "मी त्याले हे दाखवू दाखवू थकलो, बावा. त्याले वाटते मी चिडवून रायलो. मले वाटे, येक दिवस मांगन. त्याचंच आहे ना ते. मामानं त्याच्यासाठी आनलं होतं."

"मग तुम्हीच का नाही दिलं?"

उत्तमरावांनी माझ्याकडे घाबरून पाहिलं. "आन पुन्हा भाषण ठोकलं तं?"

पलीकडच्या खुर्चीवर रत्नाताई जिलेबी खात होत्या. त्यांचं खाणं थांबलं.

निघताना उत्तमराव आणि शोभाताई गाडीपाशी आले. सर पुढे बसले होते, हात खिडकीवर. रत्नाताई मागून म्हणाल्या, "उत्तमराव, तुमच्या तायडे भाऊले ते घड्याळ द्या."

मग उत्तमरावांनी पट्टा सोडला आणि घड्याळ खिडकीतून आत धरलं. त्यांच्या मनगटावरचा फिकट पट्टा उन्हात एकदम उघडा पडला. सर दार उघडून खाली उतरले. उभे राहिले. घसा साफ केला. उत्तमराव एक पाऊल मागे सरकले. मीही इंजिन बंद केलं, म्हटलं आता वेळ लागणार.

सरांनी घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं आणि बराच वेळ ऐकलं.

"हे बंद आहे."

"मामा गेले तवापासून. दुरुस्तीले कोनाच्या हातात देऊ वाटलं नाही."

"मंग तुमी मले इतके वर्षं वेळ कोनती सांगून रायले?"

"अंदाजानं," उत्तमराव म्हणाले. "तुमच्याजवळ दुसरं घड्याळ होतं कुठं पडताळ्याले!"

सर हसले. त्यांना असं हसताना मी पाहिलेलं नव्हतं. खांदे हलत होते, आणि त्या हलण्यानं मनगटावरचं निळं घड्याळ सपाटून चालत होतं. "माह्यंई अंदाजानंच होतं," ते म्हणाले. "याच्यात सात वाजले होते."

मग ते गंभीर झाले. "पण एक आहे, उत्तमराव. मी आहेर घेत नाही."

"माईत आहे."

"तुलनेसाठी नेतो."

"न्या."

"तुलना झाली की परत."

"घाई नाही," उत्तमराव म्हणाले आणि शोभाताईंनी तोंडाला पदर लावला.

अमरावती येईपर्यंत सर ते बंद घड्याळ पुन्हा पुन्हा कानाला लावत होते. बडनेऱ्याच्या पुलावर मी आरशात पाहिलं तर रत्नाताई झोपल्या नव्हत्या, खिडकीबाहेर पाहत होत्या.

ही तुलना अजून चालू आहे. उत्तमराव फोनवर चौकशी करतात, "झाली का?" सर सांगतात, "होऊन रायली." मागच्या आठवड्यात मी जलतरण तलावावरून जात होतो म्हणून डोकावलो. सर छातीभर पाण्यात उभे होते. निळी टोपी, उजवा हात कठड्यावर, डावा सरळ वर. वरच्या हातावर तपकिरी पट्टा होता आणि पांढरी तबकडी. प्रशिक्षक काठावरून ओरडत होता, "काका, दोन्ही हात पाण्यात!" सरांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मला पाहून त्यांनी वरचा हात थोडा हलवला आणि लगेच पुन्हा स्थिर धरला.

तीनशे मीटर खोल पाण्यात चालणारं घड्याळ त्या वेळी बँकेत होतं.